एकोणीस नंबरचा कागद

सर्व उपस्थित वडीलधाऱ्यांना, माता-भगिनींना आणि मागच्या खांबाला टेकून डुलक्या काढणाऱ्या मंडळींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, कुंभकोणम् येथील आपल्या विठ्ठलाच्या मठातून एक व्यक्ती बेपत्ता आहे. नाव माहीत नाही. वय माहीत नाही. बाई की बुवा, तेही माहीत नाही. ओळखीची खूण एकच, नंबर एकोणीस. या व्यक्तीला माणसांची भयंकर भीती वाटते, असं तिने स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं आहे. तिने लवकरात लवकर आमच्या भाचीला फोन करावा. कुणी रागावणार नाही.

ही घोषणा मी केली. मठाच्या माइकवरून, भजन संपल्यावर आणि जेवणाची पानं मांडण्याआधी, हातवारे करून, योग्य ठिकाणी थांबून. लोक पोट धरून हसले. आणि एकोणीस नंबर मीच होते.

आता पहिल्यापासून सांगते.

आम्ही तंजावरी मराठी. पूर्वज राजांच्या मागोमाग इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. गंमत अशी की आमच्यातले बहुतेक लोक मराठी बोलतात, पण वाचायचं म्हटलं की त्यांना तमिळ अक्षरंच लागतात. देवनागरी वाचणारे मोजकेच, आणि मी त्यांतली एक, कारण माझ्या वडिलांनी पट्टी हातात घेऊन शिकवली. आमची बोली जशी आहे तशी इथे लिहिली तर तुम्ही दर ओळीला थांबाल, म्हणून बोलणी थोडी तुमच्या वळणाची करून लिहिते आहे.

मी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवते आणि उरलेल्या वेळात गावातल्या कार्यक्रमांचं निवेदन करते. शाळांची स्नेहसंमेलनं, देवळातल्या गाण्याच्या कचेऱ्या, भांड्यांच्या दुकानाचं उद्घाटन, सगळीकडे मी. माझ्या पाठीमागे लोक मला माइक म्हणतात. तोंडावरही म्हणतात.

भाची म्हणजे माझ्या नणंदेची मुलगी. मानसशास्त्रात एम.एससी. करते. परीक्षेसाठी तिला एक प्रबंध लिहायचा होता, आणि विषय सांगायला ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली, मुरुक्क्यांचा, म्हणजे तुमच्या चकल्यांचा, डबा मांडीवर घेऊन.

"मामी, काही लोकांना चारचौघांची फार भीती वाटते. आजार म्हणावा इतकी. ती ओळखायला छोट्या प्रश्नावल्या असतात. चार प्रश्न, दोन मिनिटं. ज्याचे गुण जास्त येतील त्याला पुढे डॉक्टरकडे पाठवायचं. तर त्या चार प्रश्नांवर किती विसंबायचं, ते मी तपासणार."

"ते कसं तपासतात?"

"समज, तू वजनकाट्यावर उभी राहिलीस."

"मी नाही राहत."

"समज ना. आज काट्याने सत्तर दाखवले, आणि पंधरा दिवसांनी तू होतीस तेवढीच असताना पन्नास दाखवले. तर काटा कसला?"

"फार चांगला काटा. कुठे मिळतो?"

तिने मुरुक्का माझ्याकडे रोखला. "म्हणून एकाच माणसाला तेच प्रश्न पंधरा दिवसांनी पुन्हा विचारायचे. उत्तरं जवळपास तीच आली तर प्रश्नावली भरवशाची. शिवाय चारही प्रश्नांनी एकाच गोष्टीचा माग काढायला हवा. एक प्रश्न भीती विचारतोय आणि दुसरा अपचन, असं नको."

मी हसले, डबा काढून घेतला, आणि कागद हातात घेऊन वाचला. तमिळमध्ये टाइप केलेला, साधासुधा कागद. लोकांचं लक्ष आपल्याकडे जाईल असे प्रसंग तुम्ही टाळता का? काही चुकेल आणि लोक हसतील या विचाराने छातीत धडधडतं का? कुणी बघत असेल तर जेवण घशाखाली उतरत नाही, असं होतं का? कुणाशी बोलून आल्यावर आपण काय बोललो हेच मनात घोळत राहतं का? प्रत्येकापुढे शून्यापासून चारपर्यंत आकडे, शून्य म्हणजे मुळीच नाही, चार म्हणजे फारच.

मी कागद घडी घालून परत दिला आणि म्हणाले, छान आहे. ओट्यावरची कॉफी उतू गेली होती ते मला नंतर कळलं.

भाचीला माणसं हवी होती आणि मठात रविवारी चाळीसेक जण येतात. तिने सगळी तयारी नीट केली. कागदावर नाव लिहायचं नाही. पितळी तांब्यातून प्रत्येकाने नंबराची चिठ्ठी उचलायची, तो नंबर कागदावर घालायचा, आणि चिठ्ठी पंधरा दिवस जपून ठेवायची, म्हणजे दोन्ही वेळचे कागद जुळवता येतील आणि माणूस कोण हे तिलाही कळणार नाही. मग तिने हात जोडून सांगितलं, "एकेकट्याने भरा. शेजाऱ्याचं बघू नका."

आमच्या लोकांना असं सांगायचं म्हणजे माशांना कोरडं राहायला सांगणं आहे. आमच्याकडे पत्र आलं की ज्याच्या हाती पडेल तो मोठ्याने वाचतो. मुलांचे निकाल मोठ्याने वाचतात, डॉक्टरांचे रिपोर्ट मोठ्याने वाचतात, माझ्या लग्नाआधी नवऱ्याने पाठवलेलं एकुलतं एक पत्रसुद्धा माझ्या आत्याने ओसरीवर उभं राहून वाचलं होतं. त्यामुळे मिनिटभरात सुरू झालं. चष्मा आणला नाही. अक्षर बारीक आहे. हे पुस्तकी तमिळ कळत नाही, आपल्या भाषेत कुणीतरी सांगा. आणि माझ्या नणंदेने, पहिल्या रांगेतून, फर्मान काढलं, "वहिनी, माइक घे आणि वाच."

भाची नको नको म्हणत होती. मी माइक घेतला.

मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. चार प्रश्नांचे मी नाटकाचे चार अंक केले. "कुणी बघत असेल तर तुम्हाला जेवण जात नाही?" असं विचारून मी आमच्या मृदंगवाल्यांच्या पोटाकडे बघत थांबले. ते स्वतःच हसून आडवे झाले. "पूज्य," पहिली रांग ओरडली. आमच्याकडे शून्याला अजून पूज्यच म्हणतात. मग प्रत्येक प्रश्नाला सगळ्यांनी मिळून पूज्य, पूज्य असा गजर केला आणि चाळीस पेन्सिली एकदम खाली वाकल्या.

माझा कागद पेटीवर होता. डाव्या हातात माइक, उजव्या हातात पेन्सिल. सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे होते, कागदाकडे एकाचेही नव्हते. लोक हसत होते, तेवढ्यात मी चार लिहिलं. मग पुन्हा चार. चारी ठिकाणी चार. वर नंबर एकोणीस. कागद उलटा करून खोक्यात टाकला आणि पुढचा विनोद केला.

का लिहिलं, ते मला आजही सांगता येत नाही. पन्नास वर्षांत मला ते कुणी विचारलं नव्हतं, एवढंच म्हणता येईल.

लिहिलं ते मात्र खरं होतं. कार्यक्रमाआधी तासभर मी कुठल्यातरी न्हाणीघरात कडी लावून उभी असते आणि भिंतीला तोंड करून सगळं निवेदन पाठ म्हणत असते, विनोदांसकट. ऐनवेळी सुचला असं वाटणारा माझा एकेक विनोद आठ-आठ दिवस घोटलेला असतो. मठाच्या पंगतीला मी कधी बसत नाही, मी वाढते. लोक म्हणतात, केवढी सेवा करते. मी वाढते, कारण वाढणाऱ्याच्या तोंडाकडे कुणी बघत नाही. आणि माइक तर माझा किल्ला आहे. माइक हातात असला की लोक तुमचं ऐकतात, पण तुमच्याशी बोलायला कुणी येत नाही. कार्यक्रम संपला की मी मागच्या दाराने रिक्षा गाठते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर पानिपत लिहिता लिहिता मध्येच आठवतं की काल मुख्य पाहुण्यांचं नाव घेताना आवाज चिरकला होता, आणि खडू मोडतो.

हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. त्या रविवारी संध्याकाळी मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "मी भित्री आहे का हो?"

तो पेपर वाचत होता. "तू? तुला बघून नगरपालिकेचे लोक गल्ली बदलतात."

मंगळवारी भाची आली. मागोमाग नणंदही आली, कारण नणंदेला घरात एकटं राहवत नाही. भाचीच्या हातात कागदांचा गठ्ठा होता आणि चेहरा उतरला होता.

"सगळे शून्य," ती म्हणाली. "सगळेच्या सगळे. तू हसवलंस आणि सगळ्यांनी एकमेकांचं ऐकून लिहिलं. माझं पहिलं माप वाया गेलं, मामी."

मला खरंच वाईट वाटलं. मी तसं म्हणणार, तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "एक सोडून. हा बघ. एकोणीस."

तिने माझाच कागद माझ्यापुढे धरला. मी माझे चार चौकार पाहिले. शेवटच्या चारचा पाय लांब ओढला होता. मी शाळेच्या पटावर अगदी तसाच ओढते. भाची तो पट लहानपणापासून बघत आली आहे. मी पदर सावरण्याच्या निमित्ताने कागदावर अर्धीअधिक ओणवी झाले.

"कोण असेल?" तिने विचारलं. "मला शोधायला हवं. ज्याचे गुण इतके येतील त्याला मी सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंची माहिती देईन, असं मी कॉलेजला लिहून दिलंय. तू मदत कर. तुला सगळी माणसं माहीत आहेत."

अशा रीतीने स्वतःला पकडायच्या कामावर माझी नेमणूक झाली. मी भ्याले, आणि भ्यालेली माणसं करतात तेच केलं. बोट आपल्यापासून दूर वळवलं.

"सगळ्यांत गप्प कोण असतं ते बघ," मी म्हणाले. "गप्प माणसांत शोध."

ते वाक्य बोलून पाहते तो नणंद खुर्चीत ताठ बसली होती. "गप्प?" ती म्हणाली. "आमच्या घरात एक आहे."

तिची सून. तंजावरहून चार महिन्यांपूर्वी आलेली. हसते छान, काम करते, बोलत नाही.

"आई, नाव शोधायचं नसतं असं," भाची म्हणाली.

"मी कुठे शोधलं? ती समोरच बसलेली असते."

त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. मी मुरुक्के पुढे केले.

शनिवारी भाचीच्या मार्गदर्शक बाईंकडे जायचं होतं. त्या तिरुप्पनंदाळला राहतात. भाचीने मला बरोबर घेतलं, म्हणाली, तू केलेला गोंधळ तूच समजावून सांग. बसमध्ये ती खिडकीशी बसून आकडेमोड करत होती आणि मी बाईंना काय सांगायचं ते मनात घोकत होते. कावेरीचा पूल ओलांडला तेव्हा माझी तीन वेगवेगळी भाषणं तयार झाली होती. तिन्हींत एकोणीसचा उल्लेख नव्हता.

बाई शांत होत्या. त्यांनी गठ्ठा चाळला, चष्मा कपाळावर चढवला आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "सगळे सारखे आहेत म्हणजे खात्रीचे आहेत, असं समजू नकोस. एकत्र बसून खोटं लिहिणारेही सारखंच लिहितात. दुसऱ्या वेळी एकेकाला वेगळ्या खोलीत बसव. कुणी वाचून दाखवायचं नाही."

असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"आणि हा एकोणीस?" भाचीने विचारलं.

"चारी ठिकाणी चार? आकडे उलटे वाचले असतील. शून्य म्हणजे जास्त आणि चार म्हणजे कमी, असा समज झाला असेल. काढून टाक."

"हो, काढून टाका," मी म्हणाले. फार पटकन म्हणाले.

बाई हसल्या. "तुम्हीही भरलात ना? तुमचे किती?"

"पूज्य."

"अर्थात. तुमचं निवेदन ऐकलंय मी. आमच्यासारख्यांची तर माइक बघूनच बोबडी वळते."

त्या चांगुलपणाने बोलल्या होत्या. पण त्या 'अर्थात'ने माझ्या तोंडावर कुणी बाहेरून कडी लावावी तसं झालं. आता खरं सांगितलं असतं तर आधी खोटं बोलले हेही सांगावं लागलं असतं, आणि तेही एका अनोळखी बाईच्या घरी, त्यांच्या कपातली कॉफी हातात असताना. ती कॉफी मी प्यायले नाही. बाईंची पाठ वळली तेव्हा त्यांच्या तुळशीला घातली. तिचं पुढे काय झालं माहीत नाही.

भाची मात्र हटून बसली. "मॅडम, चाळीस माणसं पूज्य, पूज्य ओरडत होती. अशा वेळी चुकून लिहिलं तरी पूज्यच लिहिलं जातं. चार लिहायला वेगळं कारण लागतं. मला वाटतं, त्या गठ्ठ्यात हा एकच कागद खरा आहे."

बाईंनी थोडा विचार केला. "मग दुसऱ्या वेळी एकोणीस काय लिहितो ते बघ. पुन्हा जवळपास तेच आलं तर माणूस खरा. पंधरा दिवसांत अशी भीती जात नाही."

दुसरी वेळ आली. मठाच्या मागे टाळ-मृदंग ठेवायची खोली आहे. तिथे एक स्टूल, एक पेन्सिल, दार बंद. माणसं एकेक करून आत जात होती, आणि बाहेर येताना बहुतेकांचे चेहरे बदललेले होते. मृदंगवाले आत दहा मिनिटं होते. बाहेर येऊन ते कुणाशीच बोलले नाहीत.

माझी पाळी आली. आत गारवा होता, तेलाचा आणि कातड्याचा वास येत होता. कुणी बघत नव्हतं. आता खरं लिहायला काय हरकत होती? पण आता एकोणीसचा शोध सुरू होता. पहिल्या वेळी माझ्या मागावर कुणी नव्हतं. आता माझी भाची होती, तिचं सगळं शिक्षण पणाला लावून. मी खोलीतल्या तंबोऱ्यांच्या भोपळ्यांकडे, टाळांकडे, दाराच्या फटीकडे बघितलं आणि चारी ठिकाणी पूज्य घातलं. शिकवलेलं अक्षर मोडून, डाव्या हाताने. चिठ्ठी कागदाबरोबर खोक्यात टाकली आणि बाहेर येऊन मोठ्याने म्हणाले, "झाले पास."

भाचीने गठ्ठा घरी नेऊन तपासला आणि दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. ती रडायच्या बेतात होती. "आता सगळ्यांचे आकडे वेगवेगळे आलेत, मामी. कुणाचे पाच, कुणाचे नऊ. एका जणाचे बारा. आणि एकोणीसचे शून्य. सोळा गुणांवरून एकदम शून्यावर. बाई म्हणतात, चूक नाहीतर थट्टा होती, आता तरी काढ. पण मला तसं वाटत नाही. तो माणूस मला भ्यायलाय. माझ्या तपासण्यामुळेच लपून बसलाय. असं झालं तर मी काय तपासलं?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. याहून नीच काम मी आयुष्यात केलेलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी मठाच्या स्वयंपाकघरात नणंदेची सून आणि मी भोपळा चिरत होतो. ती आपणहून बोलली, हे पहिल्यांदाच.

"मामी, सासूबाई म्हणतात मी एकोणीस आहे."

"तू आहेस?"

"माझा नंबर सात होता. पहिल्या वेळी शून्य, दुसऱ्या वेळी दोन."

"मग सांग की त्यांना."

"सांगितलं. दोनदा सांगितलं. मला भीती वगैरे काही नाही हो. तुमच्याकडे सगळे एकदम बोलतात, माझी पाळीच येत नाही." तिने भोपळ्याच्या बिया बाजूला काढल्या. "आज राहुकाळात मला तिरुनागेश्वरम्‌ला नेणार आहेत. भीती जावी म्हणून तिथल्या राहूला दूध घालायला. मी जाईन, दूध घालायला माझं काय जातंय. पण उद्या तुमच्या शाळेत मला कागदपत्रं द्यायची आहेत ना, बालवर्गाच्या नोकरीची. त्या म्हणतात, भित्र्या मुलीला पोरांपुढे उभं करायचं नाही. नोकरी नको."

ही नोकरी तिने स्वतः अर्ज करून, स्वतः मुलाखत देऊन मिळवली होती. मुलाखतीच्या वेळी मी दाराबाहेर होते. ती आत स्पष्ट, मोजकं आणि न अडखळता बोलली होती. मला हेवा वाटला होता.

"मी बोलते त्यांच्याशी," मी म्हणाले.

"कधी?"

मी भोपळा चिरत राहिले.

भजन झालं. भाचीने शेवटचा उपाय म्हणून मला ती घोषणा करायला सांगितली, आणि मी ती कशी केली ते तुम्हाला सुरुवातीला सांगितलंच आहे. लोक हसून थांबले. कुणी पुढे आलं नाही. तेवढ्यात नणंद उठली.

"फोनबिन कशाला," ती म्हणाली. "एकोणीस आमच्या घरची आहे. त्यात लपवायचं काय? चार महिने तोंडातून शब्द नाही. आज दूध घालून आणते. आणि ती शाळेची नोकरीही नको म्हणून कळवून टाकते. काय गं?"

चाळीस माना वळल्या. सून भिंतीशी पानांच्या थप्पीजवळ बसली होती. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात तिच्या सासूने पुढचं वाक्य सुरू केलं, मग शेजारच्या बाईने दुधाचं प्रमाण सांगितलं, मग तिसरीने आपल्या पुतणीचा अनुभव. सूनबाईने तोंड मिटलं. तिची पाळी गेली.

"आई, असं करू नकोस," भाची म्हणाली. तिचंही कुणी ऐकलं नाही.

माइक माझ्या हातात होता. कानात भजनाच्या टाळांसारखं काहीतरी वाजत होतं. न्हाणीघर दोन दारांपलीकडे होतं आणि मी मनातल्या मनात तिथपर्यंतची पावलं मोजली. आणि पहिल्यांदाच, पाठ न केलेलं एक वाक्य मी बोलले.

"ती नाही. एकोणीस मी आहे."

मग मृदंगवाले हसले, आणि त्यांच्यामागून सगळा मठ हसला.

"ऐका हिचं," नणंद डोळे पुसत म्हणाली. "सुनेला वाचवायला काय सोंग आणते बघा. ही आणि भित्री. वहिनी, मागच्या वर्षी कलेक्टरांना तू माइकवरून गप्प केलं होतंस."

"खरं सांगते," मी म्हणाले. "मी न्हाणीघरात कडी लावून पाठ करते."

हसले.

"मी पंगतीला बसत नाही, कारण मला गिळता येत नाही. म्हणून मी वाढते."

आणखी हसले. एक म्हातारे तर खांबाला धरून उठले आणि म्हणाले, वा. तिरुप्पनंदाळच्या तुळशीचं सांगितलं तेव्हा मागची रांग टाळ्या वाजवायला लागली. मी जितकं खरं सांगत होते तितके ते हसत होते. दोष त्यांचा नव्हता. मी नेमक्या जागी थांबत होते, नेमक्या जागी आवाज चढवत होते, डोळे मोठे करत होते. सांगायची दुसरी तऱ्हा मला येतच नव्हती. मला कळून चुकलं की आता हे कुणीही कधीही खरं मानणार नाही, सून तिरुनागेश्वरम्‌ला जाईल, तिची नोकरी जाईल, आणि लोक वर्षभर सांगतील की त्या रविवारी माइकने काय बहार उडवली.

भाची एकटी हसत नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते, मनात काही जुळवत असावी तसे.

मी माइक खाली ठेवला. ठेवला म्हणजे तो पडला. मग मी भिंतीशी, सूनबाईच्या शेजारी, पानांच्या थप्पीवरच बसले, कारण उभं राहणं संपलं होतं. तिने माझा हात धरला. लोक अजून हसतच होते. तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा, कुणाच्याही बोलण्याच्या मध्ये घुसून, ती ओरडलीच :

"अहो हसताय काय सगळे, मामींचा हात बर्फ झालाय आणि त्यांना बहुतेक आता उलटी होणार आहे."